जाऊन राहिल्या

राज्याच्या मंत्रिमंडळात त्रेचाळीसच्या वर माणसं बसवता येत नाहीत. त्या सकाळी बेचाळीस नावं पक्की झाली होती आणि उरलेल्या एका जागेवर दोन नावं अडून होती: शेजारच्या जिल्ह्यातले एक आमदार आणि आमच्या शकुनताई. शपथविधी नागपूरला, दुपारी चारला. बाराच्या आत ज्याला पक्षाचा फोन येईल, तो मंत्री.

मी रीना, ताईंची पीए. साडेअकराला ताई आंधळगावच्या घरातून मोहाडीला निघाल्या, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. केशवरावांची बायको वारली होती. केशवराव विरोधी पक्षाचे, आमदार फोडण्यात पटाईत. पण ताईंना लहानपणी त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"ताई, आज नका ना जाऊ," मी म्हटलं.

"काहून? मरण काय मंत्रिमंडळ पाहून येते?" त्यांनी आपला फोन माझ्या हातात कोंबला. "मयताच्या घरी हा वाजला तं लोकं थुंकतीन माझ्यावर. तूच उचल."

गाडी गेली. दहाच मिनिटांत फोन वाजला. मुंबईच्या पक्ष कार्यालयातले सचिव होते, अगदी छापल्यासारखं बोलणारे.

"ताई कुठे आहेत?"

"केशवरावांकडे जाऊन राहिल्या, साहेब."

"केशवरावांकडे? नक्की?"

"हो ना. सकाळपासून जीव लागत नव्हता त्यांचा. म्हणे, गेलंच पाहिजे."

"परत कधी येणार?"

"तिथून लवकर उठता येते का, साहेब?"

"बरं," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

एवढ्या शुभ फोनवर मयताचं नाव काढायचं नाही, ही अक्कल मीच पाजळली होती. वर स्वतःवर खूश! पुन्हा फोन येईल म्हणून मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. पावणेबारा झाले. बारा झाले. मी फोन लावला तर लाइन सारखी बिझी. सव्वाबाराला कुणीतरी सांगितलं की शेजारच्या जिल्ह्यात फटाके फुटून राहिले.

ताई परतल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "काय बोलली तू? जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. पहिल्याच वाक्याला त्या खुर्चीत बसल्या.

"अवं, आपल्याकडे जाऊन राहिल्या म्हनजे वाटेत आहेत. त्याइले वाटलं, मी केशवरावाकडे गेली अन् तेथंच राहिली. पक्ष सोडून."

वाक्यं एकेक करून मला आठवली. जीव लागत नव्हता. गेलंच पाहिजे. लवकर उठता येते का. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

एकदाचा फोन लागला. सचिव खरंच हळहळले. "मयत होती हे कुणी बोललंच नाही हो, ताई. यादी राजभवनावर गेली. आता माझ्या हातात काही नाही. फोनवर कोण होतं?"

"माझीच माणूस होती," ताई म्हणाल्या. "तिनं काही खोटं नाही सांगतलं."

चार वाजता टीव्हीवर त्रेचाळिसाव्या मंत्र्यानं शपथ घेतली. ताईंनी ती शेवटपर्यंत पाहिली. मला राहवलं नाही.

"ताई, मले काढून टाका."

"काढून कायले टाकू?" त्या टीव्हीकडेच पाहत होत्या. "फक्त उद्यापासून फोनवर पुस्तकातलं मराठी बोलत जा."

दहा वर्षं ताई विधानसभेत आमच्याच बोलीत भाषणं करत आल्या. समोरचे हसले, आपल्याच पक्षातल्यांनी नकला केल्या, तरी त्यांनी एक शब्द बदलला नव्हता. त्यापेक्षा त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या.