तात्पुरतं

गल्लीतले लोक त्या नळवाल्याला ‘तात्पुरते’च म्हणत, जणू ते त्याचं आडनाव. काम कुठलंही असो, हा म्हणणार, “आत्ता तात्पुरतं करतो, मग बघू.” आणि ते ‘मग’ काही उगवायचं नाही.

त्याच्या थोरल्या बहिणीच्या दारापुढे पाण्याचा पाइप गटारातून जायचा. चार महिन्यांपूर्वी तो चिरला, तेव्हा याने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तार आवळली. नळ वाहू लागला, ताईने चहा पाजला, विषय संपला.

आता गल्लीत घरटी एक जण जुलाबाने आडवा. ताईची तीन वर्षांची चिऊ दवाखान्यात सलाइनवर होती. डोळे खोल गेलेले, रडायला पाणीसुद्धा उरलं नव्हतं. “आज लघवी झाली तर धोका टळला म्हणायचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“त्या कोपऱ्यावरच्या सरबतवालीनेच घात केला,” ताई म्हणाली. “आमचं पाणी चांगलंय. माझ्या भावाने जोडलंय.”

सकाळी गल्लीने सरबतवालीची गाडी उलटी केली होती. म्हातारी रस्त्यावरची लिंबं वेचत होती, आणि हा पठ्ठ्या मान खाली घालून निघून आला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण म्हणतात ना, खाई त्याला खवखवे. पाणी गेलं की रिकामा पाइप फटीतून गटाराचं पाणी आत ओढतो, हे धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं.

तो दवाखान्यातून उठला, गल्लीत गेला, गटारात हात घातला. पट्टी कुजून हातात आली. नवा तुकडा जोडून गप्प बसला असता, तर कुणाला कळणार होतं? त्याने पाइप नीट जोडला. मग पट्टी कागदात गुंडाळून दवाखान्यात नेली आणि ताईपुढे ठेवली.

“ताई, म्हातारीचा दोष नाही. मी केलं हे. गल्लीतही सांगतो सगळ्यांना.”

ताई पट्टीकडे बघत राहिली. “पोरीला जुलाब लागल्यावर तूच म्हणालास ना रे, भरपूर पाणी पाज? मी पेल्यावर पेले पाजले. त्याच नळाचं.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात चिऊखालची चादर ओली झाली. “झाली हो!” नर्स ओरडली. ताई रडता रडता हसली. चिऊने डोळे उघडले.

“मामा, पाणी.”

खाटेशेजारी उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली होती. त्याने धडपडत पेला उचलला. ताईने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

“तू नको देऊस,” ती म्हणाली.