काकांची बाजू

"काका, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी कोणाची फियाट होती?"

ध्रुवनं चपला दाराबाहेर काढल्या, सतरंजीवर काकांच्या समोर मांडी घातली आणि बसता बसताच हे विचारलं. प्रश्न खरं तर काकांचाच. गेली सात-आठ वर्षं दर रविवारी शीवहून गिरगावात ठाकूरद्वारला येणाऱ्या या पुतण्याच्या तोंडावर मनमोहनराव तो फेकत आले होते. अख्खं दख्खन लाव्हारसाखाली गेलं, डायनोसॉर संपले, तेव्हा धूर सोडायला कोणाची फियाट होती, बोल! आज तोच प्रश्न उलटून त्यांच्याकडे आला. त्यांनी तो ऐकला आणि नुसती मान हलवली.

मनमोहनरावांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई गेल्या, त्याचा आज नववा दिवस होता. उद्या बाणगंगेवर दहावा.

लोक येत होते, बसत होते, बोलत होते. "अहेव गेल्या, भाग्याच्या," असं शेजारच्या सुभद्राबाई रोज एकदा येऊन सांगून जात. "झोपेतच गेल्या, हाल नाहीत," असं बाकीचे म्हणत. मनमोहनराव सगळ्यांना हो म्हणत होते. अंघोळ करा म्हटलं की करत होते, जेवा म्हटलं की जेवत होते. रडू आलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं.

त्यातून कान मात्र शाबूत. मघाशी जिन्यात त्यांचा धाकटा भाऊ अजित आपल्या मुलाला, या ध्रुवला, बजावत होता, तेही त्यांनी ऐकलं होतं. "बोलतं कर त्याला. वादात ओढ. आणि हे बघ, आज जिंकू नकोस." लाकडी जिना आणि सताड उघडं दार, कुजबुजीला तिथे कसला आडोसा!

"मी विचार करत होतो काका," ध्रुव म्हणाला. तो कॉलेजात भूगोल शिकवतो, त्यामुळे त्याला खोटं सफाईनं बोलता येत नाही. "तुमचंच बरोबर आहे. हवामान पूर्वीपासून बदलतच आलंय. हिमयुगं आली, गेली. माणसाच्या हातात असतं काय?"

"तेच तर," अजित मुलाशेजारी बसत लगेच म्हणाला. "निसर्गापुढे कोणाचं चाललंय? वहिनीचंही तसंच, दादा. यायचं ते येतं."

'तुमचंच बरोबर आहे' या एका वाक्यासाठी मनमोहनरावांनी सात-आठ वर्षं घसा कोरडा केला होता. लाव्हा झाला की हिमयुग, हिमयुग झालं की मुंबईची गोदी खणताना समुद्राच्या चिखलाखाली सापडलेलं खैराचं रान. तिथे समुद्र कोणाला विचारून घुसला होता, असं ते टेबलावर मूठ आपटून विचारत. स्वयंपाकघरातून राजलक्ष्मीबाईंचा आवाज येई, "पृथ्वी दुपारपर्यंत टिकणार असेल तर सांगा, कोलंबी साफ करायला घेते." मग तिघंही हसत, जेवत, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येरे माझ्या मागल्या. ध्रुवनं कधी माघार घेतली नव्हती, आणि काकांनी तर नाहीच नाही.

आज त्यानं माघार घेतली, आणि मनमोहनरावांना ती अंगावर झुरळ पडावं तशी झटकून टाकावीशी वाटली.

मार्चमध्ये त्यांच्या मुलीनं, ऋग्वेदानं, परळहून एसीवाल्याला इथे पाठवलं होतं. आईला उकाडा सोसत नाही, रात्र रात्र बसून काढते, असं तिनं फोनवर चारदा सांगितलं होतं. एसीवाल्यानं खिडकीला मापाचा टेप लावला मात्र, मनमोहनरावांनी त्याला खुर्चीवर बसवलं, कोकम सरबत दिलं आणि अर्धा तास हिमयुगावर व्याख्यान झोडलं. उन्हाळे असे कितीतरी आले नि गेले. हे गिरगाव आहे, इथे चौपाटीचं वारं येतं. खरं तर समोरचा टॉवर उभा राहिला त्याच वर्षी ते वारं बंद झालं होतं. मनमोहनरावांच्या बोलण्यात तेवढं वाहत राहिलं. राजलक्ष्मीबाई मानेवर ओला नॅपकिन ठेवून दारात उभ्या होत्या. एसीवाला पेला ठेवून गेला. मे महिन्यातल्या एका सकाळी त्या उठल्याच नाहीत.

"ध्रुव," मनमोहनराव म्हणाले. नऊ दिवसांत आपणहून काढलेला हा पहिला शब्द. अजित खुशीनं पुढे सरकला. "ते हवेच्या बुडबुड्यांचं काय सांगायचास तू?"

"कुठले बुडबुडे?"

"बर्फात अडकलेले. आठ लाख वर्षांची हवा."

ध्रुवनं वडिलांकडे पाहिलं. "हां, ते. ते आहे आपलं. त्यातही मतभेद आहेत काका."

"नाहीत. तूच म्हणायचास, नाहीत. आठ लाख वर्षांत हवेतल्या कार्बनचा आकडा दहा लाखांत तीनशेच्या वर गेला नाही. आता किती?"

"सव्वाचारशे," ध्रुव खाली बघून म्हणाला.

"आणि हा वाढीव कार्बन कोळशातला, तेलातला आहे, हे तपासता येतं. लाव्ह्याचा इथे संबंध नाही. त्याला हजारो वर्षं लागली, आपण दीडशेत उरकलं." ते पाढे म्हणावेत तसे एका सुरात बोलत होते. "आणि रात्री. आता रात्री निवत नाहीत. दिवसा तापलेलं शरीर रात्री थंड व्हायला पाहिजे, ते होत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हृदयावर ताण येतो. अंगातलं पाणी उतरवायच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच."

राजलक्ष्मीबाईंना त्या गोळ्या दोन वर्षं चालू होत्या. हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"दादा, कशाला आता हे," अजित म्हणाला.

"मला सगळं पाठ आहे, अजित. खोडून काढायचं म्हणून पाठ केलं होतं. माहीत नव्हतं असं नाही."

पंखा तेवढा कुरकुरत होता.

"हवा बदलली ती माणसामुळे," मनमोहनराव म्हणाले. "मान्य. ध्रुव जिंकला. आता या घरातलं सांगा. इथे कोणामुळे?"

"डॉक्टर काय म्हणाले? हार्ट," अजितचा आवाज चढला. "एकाहत्तर वय, ब्लडप्रेशर. एसी असता तरी काय अमरपट्टा मिळणार होता?"

"आणि काका, एसीनं उलट बाहेरची हवा आणखी तापते," ध्रुव घाईघाईनं म्हणाला. "तुम्ही नको म्हणालात ते एका अर्थी बरोबरच..."

"हे तू एप्रिलमध्ये म्हणाला नाहीस. तू म्हणालास, काका, वाद गेला खड्ड्यात, काकूसाठी घ्या."

ध्रुव सतरंजीची दशी ओढू लागला. भल्या माणसांची हीच पंचाईत असते; दुसऱ्याला वाचवायला जातात आणि तो हात झिडकारतो, मग हाताचं काय करावं ते त्यांना कळत नाही.

ऋग्वेदा आतल्या दारात येऊन उभी होती. उद्याच्या सामानातले तीळ निवडत होती, ताट तसंच हातात होतं. नऊ दिवस तिनं वडिलांच्या गोळ्या वेळेवर दिल्या, अंथरूण घातलं, आलेल्यांना निरोप दिला. एसीचं नाव काढलं नव्हतं. तिच्या या चांगुलपणाची मनमोहनरावांना रोज थोडी थोडी भीती वाटत होती.

"ऋग्वेदा, तू सांग," ते म्हणाले.

"तिला कशाला यात घेतोस?" अजित म्हणाला. "ए पोरी, तू आत जा बघू."

ती आत गेली नाही. तिनं ताट कपाटावर ठेवलं, बोटांना चिकटलेले तीळ झटकले.

"तुम्ही नको म्हणालात," ती म्हणाली. "म्हणून बसला नाही. बसला असता तर आई कदाचित आज असती."

अजितनं तिला थांबवायला हात वर केला.

"आणि मी तुमचं ऐकलं," ती म्हणाली. "परळला माझ्याकडे दोन महिने नेता आलं असतं तिला. तुमच्याशी वाद कोण घालत बसणार, म्हणून नाही नेलं."

आयुष्यभराच्या सवयीनं मनमोहनरावांनी वाट पाहिली, आतून कुठून तरी उलट उत्तर येईल म्हणून. आलं नाही. ते सतरंजीवर थोडे बाजूला सरकले. ऋग्वेदा येऊन शेजारी बसली, आणि तिचा खांदा लागताच त्यांना रडू फुटलं, लहान मुलासारखं, नाक गळेपर्यंत. ती त्यांना गप्प करत नव्हती. तिचेही डोळे वाहत होते.

अजित आणि ध्रुव उठले. सुतकाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, तसे ते न बोलताच जिना उतरले.

बऱ्याच वेळानं मनमोहनरावांनी सदऱ्याच्या बाहीनं मान पुसली. बाही ओलीचिंब झाली.

"फार उकडतं गं इथे," ते म्हणाले.

"हो, बाबा."