तुम्ही कुठं उतरणार?

नानजिंगहून ह्वांगशानला जाणाऱ्या वेगवान गाडीची तिकिटं आम्हाला मिळाली नाहीत, त्याला कारण मीच. डोंगर कुठल्या बाजूनं चढावा, रात्री पायथ्याशी राहावं की वर, यावर मी महिनाभर पुस्तकं वाचत बसलो. वाचून झाल्यावर तिकीट काढायला गेलो तर उरली होती ती जुन्या हिरव्या गाडीची, तीही बिनजागेची. डब्यात चढायचं आणि उभं राहायचं.

"तुझं वाचून होईपर्यंत डोंगर झिजेल," पेइचन म्हणाली.

पेइचन माझी बायको. तरुणपणी ती इनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्यात होती. तोंड धुवायच्या तसराळ्यांवर ह्वांगशान डोंगरावरचा तो प्रसिद्ध पाइन वृक्ष रंगवायचं काम तिचं. एक फांदी पाहुण्याला 'या' म्हणत पुढे केलेली. देशात घरोघरी ते झाड गेलं, पण तिनं स्वतः कधी पाहिलं नाही. आता तिचा उजवा गुडघा दर हिवाळ्याला आणखी आखडत होता. पुढच्या वर्षी पायऱ्या चढता येतील, असं डॉक्टरही म्हणत नव्हते. आणि नातवाला सांभाळणं आमच्याकडे असल्यामुळे आम्हाला मोकळीक मिळणार ती ऑक्टोबरच्या सुट्टीतच, मुलगी-जावई घरी असताना. त्याच सुट्टीत सगळा देश बाहेर पडतो.

वूहू स्टेशन येईपर्यंत ती दाराजवळ एका पायावर भार देऊन उभी होती. गुडघा टम्म सुजला होता.

"अशीच उभी राहिले तर उद्या डोंगर खालूनच बघायचा," ती म्हणाली. "जा, विचार कुणाला तरी."

आमच्याकडे या गाड्यांतून एक रीत आहे. उभा माणूस बसलेल्याला विचारतो, तुम्ही कुठं उतरणार? बसलेला उतरला की, ज्यानं आधी विचारलं त्याची ती जागा. यात लाजण्यासारखं काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी शाळेच्या ग्रंथालयात चाळीस वर्षं काढलेला माणूस. अनोळखी माणसाशी बोलायचं तर मला आधी वाक्य मनात लिहून घ्यावं लागतं.

लिहून घेतलं आणि लाल टोपीवाल्या एका तरुणाला विचारलं.

"ह्वांगशान," तो म्हणाला.

शेजारचीला विचारलं. तीही ह्वांगशान. मग पलीकडचा एक जण ओरडला, "आजोबा, कशाला दमताय? आम्ही सगळेच ह्वांगशान!" सगळा बाक हसला. मी मान खाली घालून परत आलो.

"किती जणांना विचारलंस?"

"तिघांना."

"डब्यात शंभर माणसं आहेत, म्हाताऱ्या."

तेवढ्यात ढकलगाडी आली. "शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, बिअर, पाणी! पाय आत घ्या, पाय!" तिला वाट देताना पेइचनला दुखऱ्या पायावर भार द्यावा लागला. तिनं ओठ आवळले. मी ठरवलं, आता जागा मिळाल्याशिवाय हिच्यासमोर यायचं नाही.

या वेळी मी तोंडांकडे बघायचं सोडून सामानाकडे बघितलं. वर फळीवर सगळ्या नव्या कोऱ्या पाठपिशव्या. ही माणसं डोंगरावर जाणारी. यांना विचारून उपयोग नव्हता. घरी जाणाऱ्याचं सामान वेगळं असतं. बऱ्याच बाकांनंतर एका माणसाच्या पायाशी भोकं पाडलेलं खोकं दिसलं. आत बदकाची पिल्लं कलकलत होती.

"तुम्ही कुठं..."

"निंग्क्वोला उतरतो तो," जांभळ्या जाकिटातली एक बाई मध्येच म्हणाली. ती बाकाच्या कडेला रेलून, तीन पोती पायाशी घेऊन उभी होती. "आणि जागा माझी. मी नानजिंगलाच विचारलंय, काका. उशीर झाला तुम्हाला."

एरवी मी 'माफ करा' म्हणून वळलो असतो. पण एवढ्या आधी विचारणाऱ्या बाईनं आणखीही चौकशी केली असणार, असं मनात आलं.

"ताई, मग आणखी कोण उतरणार आहे, ते तुम्हाला माहीत असेल."

ती खो-खो हसली. "वा! माझ्याच तोंडून माझी बातमी काढताय? चेहऱ्यावरून तर गरीब दिसता."

"माझ्या बायकोचा गुडघा सुजलाय. उद्या तिला पायऱ्या चढायच्या आहेत."

तिनं मला एकदा खालवर पाहिलं. "पुढचा डबा. गरम पाण्याच्या बंबाजवळ एक जाडा, चष्मेवाला. श्वानचंगला उतरायचंय त्याला. मी घेतली असती ती जागा, पण ही पोती कोण ओढणार? पळा, श्वानचंग आलंच."

जाडा गृहस्थ सापडला. तो तोंड उघडं टाकून घोरत होता. गाडीचा वेग कमी होऊ लागला होता. झोपलेल्या अनोळखी माणसाला हलवायचं माझ्याच्यानं आजवर कधी झालं नव्हतं. ग्रंथालयात पुस्तकावर झोपलेल्या मुलांनाही मी उठवलं नाही. मी त्याचा खांदा धरून हलवला. एकदा, मग जोरात.

"तुम्ही कुठं उतरणार?"

"श्वानचंग," तो झोपेत पुटपुटला आणि ताडकन उठला. "कुठलं आलं?"

"तेच!"

"अरे देवा! आजोबा, वाचवलंत!" पिशवी छातीशी धरून तो दाराकडे धावला.

मी जागेवर बसलो. आजूबाजूचे तीन-चार उभे लोक माझ्याकडे बघू लागले. उठून पेइचनला आणायला गेलो असतो, तर जागा गेली असती. आयुष्यभर दुसऱ्यांना 'हळू बोला' सांगणारा मी, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो.

"पेइचन! इकडे ये! जागा मिळाली!"

दोन्ही डब्यांनी ऐकलं असावं. ती लंगडत आली, बसली, पाय लांब केला.

"एवढा आवाज कुठं ठेवला होतास?" ती म्हणाली.

ह्वांगशानपर्यंत मी उभा होतो. वाटेत दोघांना विचारलं, पण त्यांच्या जागा आधीच दुसऱ्या कुणीतरी मागून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिच्या गुडघ्याची सूज बरीच उतरली आणि माझ्या पोटऱ्या दगड झाल्या. रोपवेच्या पाळण्यातून वर पोचलो. तिथून झाडापर्यंत नुसत्या पायऱ्या, आणि सगळीकडे धुकं. मला चार पायऱ्याही चढवेनात.

"तू बस, मी बघून येते," म्हणून ती कठड्याला धरून निघाली. तिच्या जाकिटाचा रंग धुक्यात विरेपर्यंत मी बघत राहिलो.

मग खाली येणाऱ्या प्रत्येकाला मी अडवू लागलो. "वर दिसतंय का? पाइन दिसतो का?"

"काही नाही, आजोबा. नुसता पांढरा पडदा."

"दिसत नाही."

"आत्ता जरा हललं बरं का धुकं!"

बऱ्याच वेळानं पेइचन आली. गाल लाल, केस ओले.

"दिसला?"

"दिसला. ती फांदी किती लांब आहे, ठाऊक आहे? तसराळ्यात मावायचीच नाही. आम्ही इतकी वर्षं ती छाटूनच रंगवत होतो." ती माझ्याशेजारी टेकली आणि गुडघा चोळू लागली. "तुला बघायचाय?"

"बघायचाय."

"मग उठ. धुकं परत यायच्या आत. मी पुन्हा येते तुझ्याबरोबर."

मी उठलो, पण पोटऱ्या ऐकेनात. समोरून एक मुलगी बांबूची काठी टेकत शेवटच्या पायऱ्या उतरत होती. या वेळी वाक्य मनात लिहावं लागलं नाही.

"बाळ, तू आता पाळण्यातून खालीच जाणार ना?" मी म्हणालो. "मग ती काठी मला देशील?"