'कट' म्हटल्यानंतर

आत्याने चष्मा कपाळावर चढवला आणि तोंडावर सांगून टाकलं, "शेवट काही जमलेला नाही, बाई."

दिग्दर्शक म्हणून भाचीचा हा पहिलाच सिनेमा. वर्षानुवर्षं अबोला धरलेले बाप नि मुलगी शेवटी भेटतात, त्या प्रसंगात नायिका धाय मोकलून रडली होती. तरी बघणारा कोरडा तो कोरडाच. पुन्हा शूटिंग करावं, तर सेट कधीच मोडला होता.

"मग आता गं?"

"आता काय! कापून टाकलेलं सगळं शूटिंग बाहेर काढ."

आत्या तेहतीस वर्षं सिनेमात होती. कपडेपटात बटणं लावण्यापासून सुरुवात केली, मग दोन सिनेमांचे संवाद लिहिले, एका नटीचा घसा बसला तेव्हा तिच्या किंकाळ्याही हिनेच दिल्या, आणि अखेर एडिटिंगच्या खुर्चीत बसली. हाणामारी, भुतंखेतं, विनोदी, तिने काहीच वर्ज्य मानलं नाही. "हिचं एकीकडे बूड टिकत नाही," असं भाची घरात लहानपणापासून ऐकत आली होती.

दोन दिवस दोघी पडद्याला डोळे लावून बसल्या. तिसऱ्या दुपारी आत्या ओरडली, "थांब!"

त्याच प्रसंगाच्या टाकून दिलेल्या तुकड्यात भाचीनेच 'कट' म्हटलेलं ऐकू येत होतं. कॅमेरा मात्र चालूच राहिला होता. नायिकेने बाहीने नाक पुसलं, समोरच्या, बाप झालेल्या म्हाताऱ्या नटाची दुमडलेली कॉलर तिला दिसली, ती तिने सरळ केली. म्हाताऱ्याने हनुवटी वर करून डोळे मिटले. बस्स, एवढंच.

"अगं, पण हा अभिनय नाहीये!"

"म्हणूनच तर! हजारोंच्या कॉलरी नीट केल्यात मी. मान सगळेच वर करतात. डोळे फक्त आपल्या माणसापुढे मिटतात."

आत्याने रडणं कापलं, संगीत काढून टाकलं. तिथे नुसती शांतता ठेवली, भुतांच्या सिनेमात ठेवायची तशी, फक्त जरा लांबवून. भाचीने तो तुकडा पुन्हा पुन्हा लावून पाहिला. ही बाई कुठूनच रिकाम्या हाताने निघाली नव्हती.

पहिल्या खेळाला नायिकेनेच भाचीचा हात धरला. "हे कधी केलं मी?"

भाचीने बाहेर येऊन फोन लावला. "आत्या, लोक उठायलाच तयार नाहीत गं!"

"छान झालं. बरं, ठेव आता. इथे एकाला सातव्या मजल्यावरून पाडायचंय, आणि मेला काही केल्या खाली पोचत नाहीये."