भेगेतली वाफ

देवळातल्या बुवांनी तांब्यातलं पाणी जमिनीला पडलेल्या भेगेत ओतलं आणि आतून फुस्सकन पांढरी वाफ उसळली. अख्खी वाडी मागं सरकली.

“पाताळीचा नाग जागा झालाय!” बुवा गरजले. “त्यानं कूस बदलली की भुई हलती. त्रिशूळ रोवून म्या फणा दाबलाय. आता दारं लावून घरात बसा. जो बाहेर राहील, त्याला तो गिळंल!”

कलाबाईनं वळून आपल्या घराकडं पाहिलं. इगतपुरीमागच्या त्या डोंगरात गेले काही दिवस जमीन घुमत होती, मांडणीवरची भांडी खाली येत होती. तिच्या घराची मातीची भिंत फुगली होती आणि आत सून पूजा, दिवस भरत आलेली. बाहेर काढावी तर नाग, आत ठेवावी तर भिंत.

तेवढ्यात शाळेतल्या संजनाबाई पुढं झाल्या. भेगेच्या कडेचा पांढरा खडा त्यांनी काडीनं ताटलीत ओढला, वर पाणी ओतलं. तीच वाफ!

“कळीचा चुना आहे हा. पाणी पडलं की तापतो. कुणीतरी आणून टाकलाय.”

“मग भुई कोण हलवतं? तू?” बुवा डाफरले.

कलाबाईलाही तेच विचारायचं होतं. बाईंनी तुरीची वाळकी तुराटी उचलून वाकवली. “खालच्या खडकावर असाच ताण साठतो. तो सोसतो, सोसतो...” तुराटी काडकन मोडली. “मग फटीपाशी सटकतो. तोच धक्का. असं सरकता सरकता लाखो वर्षांत कुठं जमीन उचलली जाते, कुठं खचते.”

“परत हादरंल?” कलाबाईनं विचारलं.

“हादरेलही. कधी, ते मला सांगता येणार नाही. या बुवांनाही नाही. म्हणून कच्च्या घरात थांबू नका.”

हे ऐकून कलाबाई जास्तच घाबरली. नागाला नारळ तरी देता आला असता. घरी जाऊन तिनं पूजाचा हात धरला.

“आत्याबाई, बुवा म्हणले...”

“चल म्हणते ना!”

दोघी खळ्यात पोचल्या आणि जमीन गुरगुरली. भिंत धाडकन आत कोसळली, थेट पूजाच्या अंथरुणावर. समोरच्या देवळातून बुवा भेगेतला त्रिशूळ तसाच सोडून धोतर सावरत पळत सुटले, सगळ्यांच्या आधी मोकळ्या रानात.

कलाबाईनं पूजाला खळ्यात बसवलं. मग ती शेजारच्या बंद दाराशी गेली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली.

“सावित्रीबाई, दार उघड! नाग नाय, काय नाय. खडक सरकतोय. भ्या वाटतं तर मलाबी वाटतंय, पण डोळे मिटून बसू नको. पोरं घे अन् बाहेर ये!”