शून्य नसलेली पट्टी

मी एक पट्टी बोलतेय. कंपासपेटीतली, पंधरा सेंटिमीटरची, साधी प्लास्टिकची पट्टी. साधी म्हटलं खरं, पण माझ्यात एक खोट आहे आणि ती आधीच सांगून टाकलेली बरी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायीच घडलं. जिथे शून्य असायला हवं तिथे माझ्या अंगावर एक छापलाय. एकाच्या जागी दोन, दोनाच्या जागी तीन, असं करत शेवटच्या टोकाला पंधराऐवजी सोळा. रेघा अगदी चोख आहेत. आकडे मात्र एकेक घर पुढे सरकलेत.

माझा जन्म माळव्यातल्या देवासच्या एका कारखान्यातला. छपाईच्या वेळी कुणाचं तरी लक्ष चुकलं आणि आम्ही साडेतीनशे बहिणी एकाच पाळीत बाद ठरलो. तपासणाऱ्यानं खोक्यावर लाल खडूनं फुली मारली. त्यानं आमच्याकडे पाहिलं ते फक्त टोकाचा आकडा बघायला, बाकी अंगाकडे ढुंकूनही बघितलं नाही. आम्हाला वितळवून साबणाच्या डब्या करायचं ठरलं होतं.

त्या पाळीवर शरदचंद्र नावाचे गृहस्थ होते. वडील नोकरीसाठी महाराष्ट्रातून आले, तेव्हापासून हे कुटुंब देवासचंच झालेलं. त्यांची बायको सुरेखा कामगार वसाहतीमागच्या सहावी ते आठवीच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवायची. शरदचंद्रांनी वर विचारून आमच्यातल्या पन्नास जणी घरी नेल्या. सुरेखामॅडमनी मला उजेडात धरून निरखलं आणि म्हणाल्या, "रेघा नीट आहेत ना? मग आकड्यांचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात त्यांनी आम्हाला वाटलं. ही पट्टी एकापासून सुरू होते, तेव्हा जो आकडा येईल त्यातून एक वजा करायचा, असं त्यांनी नीट समजावलं. शाळा हिंदी माध्यमाची. मुलांनी दोन दिवसांत त्याचं गाणंच करून टाकलं: नापो, पढ़ो, एक घटाओ. पुढे दोन वर्षं ते गाणं वर्गात घुमत राहिलं. का घटाओ, हे हळूहळू सगळे विसरले. माणसांचं असंच असतं बघा, रीत तेवढी लक्षात राहते.

मी किमयाच्या वाट्याला आले. तिचे वडील औद्योगिक वसाहतीत माल उचलायची गाडी चालवतात. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि मराठी वाचायचं म्हटलं की पोरगी लग्नपत्रिकेवरचा मजकूरसुद्धा अडखळत वाचणार. गणितात मात्र तल्लख. विचार करताना ती माझा कोपरा चावायची. तिच्या दातांच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.

ती आठवीत गेली आणि शाळेवर संकट आलं. दरवर्षी एक परीक्षा होते, तिच्यावरून शाळेला ग्रेड मिळते. आमच्या शाळेला सलग दोन वर्षं डी मिळाली होती. तिसऱ्यांदा डी आली तर शाळा ए.बी. रोडपलीकडच्या शाळेत मिसळणार, असं वरून तोंडी कळलं होतं. ट्रकांच्या त्या रस्त्यापलीकडे निम्म्या मुलींना घरचे धाडणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. किमयाची धाकटी बहीण तेव्हा पाचवीत होती. आईनं स्वच्छ सांगितलं होतं, शाळा तिकडे गेली तर ही घरीच बसेल.

हेडमास्तर उमाशंकर सर माळव्यातले, मनानं चांगले, पण धसका घेतलेले. "भिया, इस बार सी लानी है, कैसे भी," एवढंच ते येईल त्या 'भिया'ला, म्हणजे भावाला, सांगायचे. परीक्षेच्या सकाळी त्यांना वाटलं, बाहेरचे लोक येणार, त्यांना हा बाद माल दिसायला नको. म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशातून कोऱ्या, पारदर्शक, शून्यापासून सुरू होणाऱ्या पट्ट्या आणल्या आणि मुलांना वाटल्या. आम्हाला दप्तरात ठेवायला लावलं. पेपर सुटल्यावर नव्या पट्ट्या गोळा करून कपाटात कुलूपबंद केल्या, पुढच्या वर्षी कामी येतील म्हणून. यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. आणि सुरेखामॅडम त्या दिवशी शाळेत नव्हत्याच. शिक्षकांची अदलाबदल होते, त्यांची पाळी दुसऱ्या शाळेत लागली होती.

मी दाराशी ठेवलेल्या दप्तराच्या फटीतून बघत होते. पेपरात मोजायचे तीन प्रश्न होते. वर्गभर ओठ हलत होते, आवाज नव्हता. नापो, पढ़ो, एक घटाओ.

तीन आठवड्यांनी चौकशी आली. चौतीसपैकी एकतीस मुलांनी रेघेची लांबी सातऐवजी सहा लिहिली होती. आयताची परिमिती सव्वीसऐवजी बावीस. क्षेत्रफळ चाळीसऐवजी अठ्ठावीस. एकतीस मुलं एकाच प्रकारे चुकतात याचा अर्थ कुणीतरी उत्तरं फोडली, असा वरच्यांचा हिशेब. कॉपी सिद्ध झाली तर पेपर रद्द, पेपर रद्द म्हणजे डी, आणि सुरेखामॅडमच्या एकवीस वर्षांच्या नोकरीवर काळा डाग.

चौकशीला राजवर्धन साहेब आले. देवासच्या जुन्या दरबारी मराठी घरातले, बोलणं जुन्या वळणाचं, चेहरा कोरा. त्यांनी हेडमास्तरांच्या खोलीत एकेका मुलाला बोलावलं. किमया दप्तर छातीशी धरून आत गेली, तशी मीही गेले. उमाशंकर सर रुमालानं मान पुसत होते. सुरेखामॅडम भिंतीशी बसल्या होत्या, हात मांडीवर घट्ट.

पोरीची घरची भाषा मराठी आहे कळल्यावर साहेब मराठीत बोलू लागले.

"बाळ, खरं सांगावं. सहा हे उत्तर तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. मी मोजलं."

"मग बाकीच्यांचंही सहाच कसं यावं?"

"मॅडमनी सगळ्यांना तसंच शिकवलंय, म्हणून."

साहेबांनी ते वाक्य शब्दन् शब्द कागदावर उतरवलं. पोरगी खरं बोलली होती आणि त्या खऱ्यानंच मॅडमचा गळा आवळला जात होता. मी कंपासपेटीत धडपडत होते. मला बाहेर काढ गं, एवढंच मनात. पण पट्टीला कुठली आलीये वाचा? दोन बोटांच्या अंतरावर सगळ्याचं उत्तर पडलेलं आणि कुणाला पत्ता नाही. त्या घटकेइतकी असहाय मी वितळायच्या खोक्यातही नव्हते.

साहेबांनी मॅडमना विचारलं, काही म्हणायचं आहे का. त्या म्हणाल्या, परीक्षेला त्या इथे नव्हत्या. आदल्या दिवशी तर होतात, साहेब शांतपणे म्हणाले. मुलं अशी का चुकली हे त्यांनाही उमगत नव्हतं आणि तेच त्यांना आतून खात होतं.

पण साहेब माणूस न्यायाचे. सही करण्याआधी त्यांनी पेपर किमयापुढे सरकवला आणि म्हणाले, "माझ्यासमोर मोज पाहू."

ती दप्तराकडे वळणार, तोच उमाशंकर सरांनी लगबगीनं कपाट उघडून नवी पट्टी पुढे केली. झालं, आगीतून फुफाट्यात. किमयानं पट्टी रेघेला लावली, ओठ हलवले आणि म्हणाली, "सहा."

साहेब वाकले. "पट्टी तर सात सांगते आहे. तू सहा का म्हणतेस?"

"एक घटाना होता है ना," घाबरून ती हिंदीवर गेली. "हमेशा घटाते हैं."

सुरेखामॅडम उठून उभ्या राहिल्या. "ही पट्टी कुठून आली?" परीक्षेला अशाच वाटल्या होत्या, उमाशंकर सरांनी सांगितलं. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "किमया, तुझी पट्टी काढ."

आणि मी बाहेर आले. चावलेली, चरे पडलेली, त्या चकचकीत पट्टीच्या शेजारी. साहेबांनी माझं टोक बोटानं पुसलं, खाली काही लपलंय का बघायला. मग स्वतः मला रेघेला लावलं. आठ. त्यातून एक गेला, सात. त्यांनी आठवीच्या सगळ्या कंपासपेट्या मागवल्या. टेबलावर आम्ही एकतीस बहिणी रांगेनं झोपलो. उरलेल्या तीन मुलांकडे आधीपासूनच शून्याच्या घरच्या पट्ट्या होत्या, त्यांना वजा करायची सवयच नव्हती, आणि त्याच तिघांची उत्तरं बरोबर होती.

साहेबांनी लिहिलेला कागद फाडला. "कॉपी झालेली नाही, तसं मी कळवतो. पण चूक ती चूक, या तीन प्रश्नांचे गुण मिळायचे नाहीत," म्हणाले. जाताना मॅडमना नमस्कार करून गेले.

एप्रिलमध्ये निकाल लागला. बाकीचा पेपर मुलांनी इतका छान सोडवला होता की सी मिळाली, अगदी काठावर. उमाशंकर सर अंगणात उभे राहून लहान मुलासारखे रडले.

त्याच दिवशी सुरेखामॅडम आठवीच्या वर्गात गेल्या. चूक तुमची नाही, माझी आहे, असं त्यांनी मुलांना सरळ सांगितलं. मी रीत पाठ करून घेतली आणि तिचं कारण विसरू दिलं, म्हणाल्या. गणिताच्या बाईनं मुलांची अशी माफी मागितलेली मी पहिल्यांदाच पाहिली. खोट माझ्यात होती आणि मान त्यांनी खाली घातली.

किमया आता नववीला दुसऱ्या शाळेत जाते. तिची बहीण इथे सहावीत आली आहे. जाताना किमयानं मला मॅडमच्या हातात ठेवलं आणि मला टाकू नका म्हणाली. मी आता त्यांच्या टेबलाच्या खणात असते. वय झालंय, कडा झिजल्यात, पण काम सुटलेलं नाही. तुम्हा मोठ्या माणसांना माझी एकच विनवणी आहे. कुणाला मोजायला बसाल, तेव्हा आधी पट्टीचं टोक बघा, शेरा मागून लिहा.

यंदा जूनमध्ये शाळा भरली तेव्हा मॅडमनी मला सहावीच्या पहिल्या तासाला बाहेर काढलं. खोट सांगितली नाही. एका कागदावर रेघ ओढली आणि ती मोजायला कागदाबरोबर मला बाकांवरून फिरवलं. एकेक मूल आकडा वाचून मला पुढे देत होतं. आठ, आठ, आठ. मॅडम प्रत्येक आकडा फळ्यावर लिहीत गेल्या. मग तिसऱ्या बाकावरची चिऊ नावाची मुलगी थांबली. मला उलटसुलट करून बघितलं, डोळ्यांजवळ नेलं.

"मॅडम, इसका झीरो कहाँ गया?"

सुरेखामॅडमनी खडू खाली ठेवला, आणि त्या दिवशीचा तास तिथूनच सुरू झाला.