रांजणावरचे झाकण

थोरलीने दांडा पुन्हा तळापर्यंत घातला आणि अंगातले सगळे बळ लावून ढवळले. आंबवलेल्या निळीचा हा रांजण तिच्या पणजीने जमिनीत पुरला होता, आजीने तो जपला होता, आणि आईने तो जिवंत ठेवून तिच्या हाती सोपवला होता. वर तांबूस फेस, खाली हिरवट पाणी. बुडवलेले कापड हिरवे बाहेर यावे आणि वारा लागताच निळे व्हावे, ही त्याच्या जिवंतपणाची खूण. आज फेस नव्हता. पाणी गढूळ झाले होते आणि कापड रंग धरत नव्हते.

"ताई, पुरे कर गं आता," धाकटी बहीण दारातून म्हणाली. तिच्या हातातला धुतलेला तागा पुन्हा पांढरा पडला होता. "सगळं वाहून जातंय. मी कापड रंगवतेय की गटार, तेच कळेना."

थोरली हसली नाही. तिने रांजण जागवायला मूठभर चुना टाकला, कोंडा टाकला आणि पुन्हा दांडा धरला.

चूक कोणाची, हे तिला सांगावे लागत नव्हते. आठवड्यातला एक दिवस रांजणावर झाकण राहील आणि त्या दिवशी रंगवणारी बाईही हातावर हात ठेवून स्वस्थ बसेल, हा पणजीचा दंडक. गिऱ्हाईक दारात ताटकळत असतानाही आईने तो कधी मोडला नव्हता. थोरलीने मोडला. व्यापाऱ्याने मोठे काम दिले, त्याबरोबर एक फोनही दिला, आणि तो फोन मग घरात गप्प म्हणून बसला नाही. झाकण कोनाड्यात उभे केले होते, ते तिथेच धूळ खात राहिले. ती आडवी झाली तरी मिटल्या डोळ्यांपुढे ताग्यांची रांग लागे.

फोन वाजला.

"बाई, माल निघाला का?"

"निघतोय."

"निघतोय, निघतोय! किती दिवस हेच ऐकायचं?"

तिने फोन खाली ठेवला. कोपरापर्यंत निळ्या झालेल्या हातांतला दांडा तिने सोडून दिला. ती खाली बसली आणि तिने रांजणाच्या काठावर कपाळ टेकले.

"मेला गं," ती म्हणाली. "माझ्याच हातून मेला."

धाकटीने तागा तिथेच टाकला आणि ती तडक गल्लीच्या टोकाला गेली. जिवंत रांजण असलेले दुसरे घर तेवढे एकच होते. तिथल्या म्हाताऱ्या रंगाऱ्याला सगळे तिरसटकाका म्हणत, आणि तो त्या नावाला जागत असे. गिऱ्हाइकांच्या ओढाताणीवरून दोन्ही घरांत कित्येक वर्षांचा अबोला होता.

म्हातारा आला तो छातीशी एक तांब्याचे भांडे धरून. भांड्यावर ओले फडके बांधलेले होते.

"सरक बाजूला," तो म्हणाला. "तुझी आजी असती, तर तुलाच या रांजणात बुडवली असती."

"काका, हे काय?"

"तुमचंच आहे. माझ्या बापानंही हाच शहाणपणा केला होता. झाकण म्हणून ठेवायचा नाही. रांजण मारला आणि रडत तुझ्या आजीच्या दारात उभा राहिला. तिनं आपल्या रांजणातलं पाणी या भांड्यात भरून दिलं. त्या विरजणावर आमचं घर चाललं. मरेपर्यंत म्हणायचा, त्या घरचं देणं राहिलंय. आता तुमच्या रांजणाला कधी काही होईच ना, तर फेडायचं कसं?"

दोघी बहिणींनी मेलेले पाणी उपसून काढले आणि नीळ घातलेले ताजे पाणी भरले. काकाने फडके सोडले, भांडे हलक्या हाताने आत रिते केले आणि कडेला लागलेला फेससुद्धा बोटाने निपटून घेतला. कोनाड्यातले झाकण आणून रांजणावर बसवले. मग दांडा उचलून खांद्यावर टाकला.

"दांडा कुठं नेताय?" थोरली ताडकन उठली.

"घरी. तुझ्या आजीनं आमचा नेला होता. अगं, सारखं ढवळून वारा आत घातलास, त्यानं गुदमरला तो. वरून चुना ओतून काय होणार? फेस धरेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आणि तूही काही करायचं नाहीस."

"मग माल कुठून देऊ?"

फोन पुन्हा वाजत होता. तिने तो उचलला.

"बाई, शेवटचं विचारतो. जमत नसेल तर काम दुसरीकडे देतो."

थोरलीने झाकणाकडे पाहिले.

"द्या," ती म्हणाली. तिने फोन बंद केला आणि झाकणाच्या रिकाम्या कोनाड्यात ठेवून दिला.

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. ती जेवता जेवता उठे, रांजणाजवळ जाई, झाकणावर तळवा ठेवून उभी राही आणि परत फिरे.

"अंडी उबवतेस का गं त्याच्यावर?" धाकटी विचारी.

रिकामे हात कुठे ठेवावेत, हे तिला समजत नसे. एका दुपारी ती पायरीवर टेकली आणि भिंतीला डोके लागताच तिचा डोळा लागला. तोंड किंचित उघडे, निळे हात मांडीवर सैल पडलेले.

काका दांडा घेऊन आला, तेव्हा ती तशीच होती. त्याने आत जाऊन झाकण बोटभर उचलले. खाली तांबूस फेस दाटून आला होता. धाकटीने तोंडावर हात दाबला आणि ती बाहेर धावली.

"ता..."

मागोमाग आलेल्या म्हाताऱ्याने तिचे मनगट धरले.

"उठवू नकोस."

"अहो, पण तिला सांगायला नको? जीव टांगणीला लागलाय तिचा!"

"तुझी आजी दांडा परत द्यायला आली, तेव्हा माझा बाप असाच झोपला होता. मी उठवायला गेलो, तर तिनं माझा कान पिळला. दांडा ठेवला आणि आल्या पावली निघून गेली."

त्याने आवाज होऊ न देता दांडा भिंतीला टेकवला. चपला हातात घेतल्या.

"एवढंच देणं राहिलं होतं," तो हळूच म्हणाला, आणि अनवाणी पायरी उतरला.